आज खिशातून किती गेले, तीच किंमत

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण येत्या काही महिन्यांत घरात लॅपटॉप, प्रिंटर किंवा मोबाईल घ्यायचा विचार असेल तर सवड काढून वाचा.

बारावीचा निकाल लागून पोरं इंजिनिअरिंगला, फार्मसीला, बीसीएला गेली की वेळापूर काय, माळशिरस काय, अकलूज काय, घरोघरी एकच विषय निघतो: लॅपटॉप कुठला घ्यायचा आणि केवढ्याला. पुढं दसरा-दिवाळी येते, सेल लागतात आणि मोबाईलवर जाहिरातींचा पाऊस पडतो. मोठ्या अक्षरात '३९,९९० चा लॅपटॉप फक्त ३१,९९० मध्ये'. त्या आकड्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी असते. चांदणीचा अर्थ खाली मुंगीएवढ्या अक्षरात, तोही इंग्रजीत.

त्या चांदणीबद्दलच बोलायचं आहे.

माझं म्हणणं साधं आहे. नंतर मिळणारा कॅशबॅक ही सवलत नाही, ती उधारी आहे. कंपनी आपल्याला उधार देत नाही, आपणच कंपनीला उधार देतोय. पैसे आज आपल्या खिशातून जातात आणि त्यातले थोडे परत कधी द्यायचे, कुठल्या अटीवर द्यायचे, हे कंपनी ठरवते. उधारीत जी जोखीम असते ती सगळी इथंही असते.

हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. 'ऊस आज न्या, पैसे नंतर देतो' याचा अर्थ आपल्याला पाठ आहे. पहिली उचल किती, दुसरा हप्ता कधी, दिवाळीला काय मिळणार, यावर आपल्याकडं आंदोलनं झाली, गाड्या अडवल्या गेल्या, निवडणुका लढल्या गेल्या. एफआरपी एकरकमी द्यायची की तुकड्यातुकड्यानं, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. राज्य सरकारनं २०२२ साली दोन टप्प्यांत द्यायची मुभा दिली होती, ती २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली. म्हणजे 'नंतर देतो' या दोन शब्दांची किंमत आपण चांगली ओळखतो. मग तोच माणूस लॅपटॉप घेताना 'तीन हजार नंतर मिळणार आहेत' हे ऐकून खूश कसा होतो?

आता हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते धरलेत, पण रचना अशीच असते.

लॅपटॉपची किंमत ३९,९९०. बँकेच्या क्रेडिट कार्डावर लगेच २,००० सूट. जुना लॅपटॉप दिला तर '३,००० पर्यंत' एक्सचेंज. आणि ३,००० कॅशबॅक, ९० दिवसांनी. सगळं वजा केलं की ३१,९९०. जाहिरातीतला आकडा खोटा नाही. पण तो कुणासाठी खरा आहे? ज्याच्याकडं त्याच बँकेचं क्रेडिट कार्ड आहे, पूर्ण तीन हजार येतील असा चांगला जुना लॅपटॉप आहे आणि तीन महिन्यांनी आठवणीनं कॅशबॅक तपासणारा माणूस घरात आहे, त्याच्यासाठी.

आपल्या घरातला हा पहिलाच लॅपटॉप असतो, त्यामुळं एक्सचेंज गेलं. क्रेडिट कार्ड पुण्यातल्या पाहुण्याचं. आज हातातून जाणार ३७,९९०. कॅशबॅक आला तर ३४,९९० ला पडला, नाही आला तर ३७,९९० लाच.

आता समजा अकलूजच्या दुकानात तोच लॅपटॉप ३६,५०० ला मिळतोय. कॅशबॅक हातात पडला तर ऑनलाइनमध्ये आपले १,५१० वाचले. नाही पडला तर १,४९० जास्त गेले. म्हणजे जवळजवळ छापा-काटा झाला. 'आठ हजारांची सूट' म्हणून जे दिसत होतं ते प्रत्यक्षात दीड हजाराची पैज निघाली. ती खेळायची का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण पैज आहे हे कळून तरी खेळावी.

पाहुण्याच्या कार्डाची गोष्ट तर आणखी वेगळी. कार्डावरचा कॅशबॅक ज्याचं कार्ड त्याच्याच खात्यावर जमा होतो. तीन-चार महिन्यांनी पाहुण्याच्या कार्डाच्या बिलातून तीन हजार वजा होतात, आपल्याला पत्ता नसतो, कधीकधी त्यालाही नसतो. आणि 'दाजी, ते तीन हजार आले का हो' असं विचारायला आपल्याकडं किती जणांची जीभ वळते? कंपनीनं पैसे दिले, पण ज्यानं लॅपटॉप घेतला त्याला मिळाले नाहीत. यात कुणी फसवलं नाही, तरी नुकसान झालंच.

ही युक्ती आजची नाही. अमेरिकेत कॉम्प्युटरच्या दुकानांनी ती वर्षानुवर्षं चालवली. तिकडं दुकानात पूर्ण पैसे भरायचे, मग खोक्यावरचा बारकोड कापायचा, बिल जोडायचं, फॉर्म भरायचा आणि टपालानं पाठवायचा. काही आठवड्यांनी घरी चेक येणार. याला ते मेल-इन रिबेट म्हणायचे. बारकोड कापला की वस्तू परत करायची वाट बहुधा बंद. फॉर्म भरायचा राहिला, तारीख हुकली, बिलाची प्रत नीट नाही, तर चेकही नाही. कंपनीचं गणित यावरच बसलेलं असतं: घेताना सगळ्यांना सूट दिसते, पण मागायला सगळे येत नाहीत. जे येत नाहीत त्यांचे पैसे कंपनीचेच.

तिकडं याचा शेवट कसा झाला तेही बघा. सायबररिबेट नावाची एक कंपनी वस्तूंच्या किमती फुगवून लावायची आणि 'शंभर टक्के पैसे परत' म्हणायची. मे २००१ मध्ये तिनं दिवाळखोरी जाहीर केली आणि ग्राहकांचे कोट्यवधी डॉलर अडकले. दुसरी क्यूपीएस, कॉम्प्युटरला जोडायची उपकरणं विकणारी. तिचा माल कॉम्पयूएसए या मोठ्या दुकानसाखळीत रिबेटच्या जाहिरातीसह विकला जायचा. क्यूपीएसकडून चेक महिनोन्‌महिने रखडले, काहींना आलेच नाहीत आणि २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पण तिकडच्या व्यापार आयोगानं तिथंच सोडलं नाही. पैसे वेळेवर जात नाहीत हे ठाऊक असूनही दुकानानं जाहिरात चालू ठेवली, असा ठपका ठेवला आणि २००५ मध्ये कॉम्पयूएसएला त्या ग्राहकांचे पैसे द्यायला लावले. त्याच वर्षी बेस्ट बाय या बड्या साखळीनं टपालाचे रिबेट टप्प्याटप्प्यानं बंद करायचं जाहीर केलं, कारण गिऱ्हाईकच वैतागलं होतं.

आपल्याकडं टपालाचा फॉर्म आला नाही, पण युक्ती आली. २०१७ साल आठवा. जुलैमध्ये जिओफोन जाहीर झाला तो 'किंमत शून्य' म्हणून. द्यायचे होते १,५०० रुपये, अनामत म्हणून, तीन वर्षांनी परत. नंतर अटी बाहेर आल्या तेव्हा कळलं की दरवर्षी किमान १,५०० चा रिचार्ज करायचा आणि तीन वर्षांनी फोन परत द्यायचा, तेव्हा अनामत मिळणार. १,५०० ला तो फोन महाग होता असं मी म्हणत नाही, कित्येक घरांत पहिलं इंटरनेट त्यानंच आणलं. पण त्याला 'शून्य' म्हणणं बरोबर नव्हतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एअरटेलनं कार्बनचा स्मार्टफोन '१,३९९ मध्ये' आणला. दुकानात भरायचे २,८९९. मग सलग ३६ महिने १६९ चा रिचार्ज. १८ महिन्यांनी ५०० परत, ३६ महिन्यांनी आणखी १,०००. रिचार्जची बेरीज करा: ३६ गुणिले १६९ म्हणजे ६,०८४ रुपये. दीड हजार परत मिळवायला सहा हजारांचं बंधन. रिचार्ज तसाही करणारच होतो, हे खरं. पण तीन वर्षं एकच कंपनी, एकच सिम, एकही महिना न चुकवता? आपल्याकडं ऊसतोडीला, नोकरीला, शिक्षणाला माणसं गाव बदलतात, रेंज नाही म्हणून सिम बदलतात. ३६ महिन्यांची अट अशा माणसाला किती परवडते?

व्होडाफोनची तऱ्हा तशीच. मायक्रोमॅक्सचा फोन '९९९ मध्ये', द्यायचे २,८९९, दर महिन्याला किमान १५० चा रिचार्ज, आणि १,९०० रुपये दोन टप्प्यांत एम-पेसा या मोबाईल पाकिटात परत. दुसरा टप्पा २०२० च्या अखेरीस येणार होता. त्याआधीच, २०१८ मध्ये व्होडाफोन आयडियात विलीन झाली आणि जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं एम-पेसाचा परवाना रद्द केला, कारण कंपनीनं स्वतःच तो परत केला होता. ज्या पाकिटात पैसे यायचे ठरले होते ते पाकीटच तीन वर्षं टिकलं नाही. यात लबाडी होती असं नाही. धंद्यात असं होतं. म्हणूनच तर सांगतोय की तीन वर्षांनंतरच्या वचनाला आजच्या नोटेचा भाव लावू नका.

आणि जिथं सरळ लबाडीचा संशय होता तेही उदाहरण आहेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडाच्या रिंगिंग बेल्स कंपनीनं २५१ रुपयांत स्मार्टफोन जाहीर केला, 'फ्रीडम २५१'. नोंदणीसाठी इतकी झुंबड की वेबसाइट कोलमडली. कार्यक्रमाला बडे नेते हजर होते, म्हणून लोकांचा विश्वास बसला. मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनी त्याच वेळी शंका घेतली होती. वर्षभरानं, फेब्रुवारी २०१७ मध्ये, कंपनीच्या प्रमुखाला फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली. वस्तूच्या खर्चाचं गणितच बसत नसेल तर व्यासपीठावर कोण बसलंय याला काही अर्थ नाही.

मग काय, कॅशबॅकच्या वाटेला जायचंच नाही? तसं माझं मत नाही. माझी कसोटी एकच आहे. कॅशबॅक शून्य धरा. तरीही तो व्यवहार इतर ठिकाणांपेक्षा स्वस्त पडतोय का? पडत असेल तर खुशाल घ्या, कॅशबॅक आला तर वरकमाई. वरच्या उदाहरणात अकलूजचा दुकानदार ३८,५०० सांगत असता तर ऑनलाइन ३७,९९० मध्येच फायदा होता, तीन हजार येवोत न येवोत. पण कॅशबॅक धरल्याशिवाय स्वस्त पडत नसेल, तर सावध.

तरी मोह होतच असेल तर एवढं तपासा:

१. पैसे कुठल्या रूपात येणार? बँक खात्यात, कार्डावर, की फक्त त्याच कंपनीकडं खर्च करता येतील अशा पॉइंट किंवा कूपनच्या रूपात? २०१८ मध्ये जिओच्या एका योजनेत २,२०० रुपयांचा कॅशबॅक होता, तो ५० रुपयांच्या ४४ व्हाउचरच्या रूपात आणि पुढच्या रिचार्जवर वापरायचा. त्याला पैसे म्हणत नाहीत.

२. मागावा लागणार की आपोआप येणार? काही कंपन्यांच्या योजनांत खरेदीनंतर ठराविक दिवसांत वेबसाइटवर बिल आणि मशीनचा सिरीयल नंबर टाकावा लागतो. तारीख गेली की पैसे गेले. बिलावर नाव कुणाचं, मोबाईल नंबर कुणाचा, हे आधीच बघा.

३. 'पर्यंत' हा शब्द कुठं आहे? 'दहा टक्के कॅशबॅक' मोठ्या अक्षरात आणि 'कमाल १,५०० पर्यंत' बारीक अक्षरात, हा नेहमीचा खेळ.

४. 'नो कॉस्ट ईएमआय' जोडलाय का? शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याजाएवढी रक्कम सूट म्हणून दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा आपल्याच माथी येते.

५. वस्तू स्वस्त का आहे? मोठा कॅशबॅक पुष्कळदा पडून राहिलेल्या मालावर असतो. जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत तर जास्तच बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप कॅशबॅकमध्ये मिळाला तरी तो पोरीच्या चार वर्षांच्या डिग्रीला पुरणार आहे का?

६. बिघडला तर कुठं न्यायचा? घरी येऊन दुरुस्ती मिळणार म्हणतात, ती आपल्या पिनकोडला मिळते का ते विचारा. नाहीतर दीड हजार वाचवून सोलापूर-पुण्याच्या एसटीला आणि बुडलेल्या रोजगाराला घालवायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण यात तीन हजार नाही, अख्खं खातं जातं. 'तुमचा कॅशबॅक मंजूर झालाय, घेण्यासाठी लिंक उघडा आणि यूपीआय पिन टाका' असा मेसेज किंवा फोन येतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो फक्त द्यायला. ज्यानं दोन महिन्यांपूर्वी खरंच लॅपटॉप घेतलाय आणि जो कॅशबॅकची वाट बघतोय, तोच अशा फोनला पटकन बळी पडतो. कॅशबॅकच्या पद्धतीची ही आणखी एक जोखीम: ती आपल्याला कुणाच्या तरी फोनची वाट बघायला लावते. असं झालंच तर उशीर न करता १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा एक परिच्छेद तरी वाचून दाखवा.

हे झालं आपण काय करायचं. पण सगळी सावधगिरी गिऱ्हाइकानंच बाळगायची, हे मला मान्य नाही. कायदा काय म्हणतो तेही बघू.

२०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय की जाहिरातीतली खुलाशाची ओळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टाइपात असली पाहिजे, आणि महत्त्वाची माहिती दडवता कामा नये. म्हणजे 'फक्त ३१,९९०' मराठीत आणि अटी इंग्रजीत, हे चालत नाही. पुढं नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांचे १३ प्रकार ठरवून त्यांना बंदी घातली गेली. त्यात किंमत सुरुवातीला कमी दाखवून शेवटी वाढवणं आहे, एक आमिष दाखवून दुसरंच गळ्यात मारणंही आहे. कागदावर नियम बरे आहेत.

पण एक मोठी फट राहिली आहे. कॅशबॅक किती दिवसांत द्यायचा आणि उशीर झाला तर काय, याचा असा सरळ नियम नाही. इथं पुन्हा उसाकडं वळतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर उशिराच्या काळाचं वर्षाला १५ टक्के व्याज. हा नियम कारखाने किती पाळतात हे तुम्हाला-मला माहीत आहे. तरीही नियम आहे म्हणून शेतकरी पुण्यात साखर आयुक्तांच्या दारात जाऊन बसू शकतो, आरआरसीची कारवाई मागू शकतो, कोर्टात जाऊ शकतो. नियमच नसता तर नुसते अर्ज-विनंत्या करत बसलो असतो. कॅशबॅकच्या बाबतीत आपण आज तसेच बसलोय.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडं आणि आपल्या लोकप्रतिनिधींकडंही. एक, जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात तीच किंमत असावी जी त्या दिवशी खिशातून जाते. कॅशबॅक खाली वेगळा लिहा, हवं तर लाल रंगात लिहा, पण किमतीतून वजा करून दाखवू नका. दोन, वस्तू परत करायची मुदत संपल्यापासून १४ दिवसांत कॅशबॅक द्या, नाहीतर व्याजासह द्या. कंपनीला हे अवघड नाही. आपला हप्ता एक दिवस चुकला की दंड त्याच दिवशी लागतो, म्हणजे तारखेचा हिशोब त्यांच्या कॉम्प्युटरला चांगला येतो.

कुणी म्हणेल, असा नियम केला तर कंपन्या ऑफरच बंद करतील. करू देत. खरोखर सूट द्यायची असेल तर बिलातच कमी करा, तिथं कुणी अडवलेलं नाही. बिलात न देता नंतर द्यायचा हट्ट ज्या कारणासाठी आहे तेच तर बंद व्हायला हवं. आणि याचा फायदा अकलूज-पंढरपूरच्या दुकानदारालाही आहे. तो बिचारा ३६,५०० ही खरी किंमत सांगतो आणि चांदणीवाल्या ३१,९९० पुढं महाग ठरतो.

तोपर्यंत ज्यांचा कॅशबॅक अडकलाय त्यांनी गप्प बसू नये. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल, अटींचं पान, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, एवढं जपून ठेवा. स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढा, नंतर ते पान सापडत नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. तिथं नाही मिटलं तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी बंगळूरची असो की दिल्लीची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, एवढं लक्षात ठेवा.

तीन हजारांसाठी एवढी यातायात कोण करणार, असं तुम्ही म्हणाल. कंपनीही नेमकं तेच धरून चाललेली असते.

तुमच्यापैकी कुणाला कॅशबॅक वेळेवर मिळाला असेल तर तेही कमेंटमध्ये लिहा, कुठली अट होती आणि किती दिवसांनी आला ते सांगा. नाही मिळाला असेल तर तेही लिहा. बिल किंवा कार्डाचा फोटो मात्र इथं टाकू नका. दिवाळीच्या खरेदीआधी आपल्याच माणसांच्या अनुभवाची यादी हाताशी असली तर सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

#वेळापूर #माळशिरस #ग्राहकहक्क